भोपळ्याचं वजन

भांडं रोज रिकामं आणि कुत्रं रोज हलकं. हे काही केल्या जुळेना, म्हणून मी काटा उघडला.

वजनकाटे दुरुस्त करणं हा माझा धंदा. खाली दुकान, वर दोन खोल्या. भाजीवाल्यांचे, गोदामांचे, दवाखान्यांचे काटे माझ्याकडे येतात. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच सांगतं, काटा चुकतोय. बरोबर चालणारा काटा दुरुस्तीला कोण कशाला आणेल? त्यामुळे कुठे काही जुळत नसलं की माझा पहिला संशय काट्यावर. सवयच लागली तशी.

भोपळ्या हे आमचं कुत्रं. आमचं म्हणजे माझ्या बायकोचं. बाजारामागच्या कचऱ्यातून तिने त्याला उचलून आणलं तेव्हा चार काड्या आणि एक पोट एवढाच ऐवज होता. पोटात नुसते जंत. "अगदी भोपळा आहे हो," असं ती म्हणाली आणि तेच नाव पडलं. मी म्हटलं, आपल्याकडे जागा नाही. ती म्हणाली, "तुमच्या गंजक्या काट्यांना जागा आहे, आणि याला नाही का?" राहिला मग. दिवसभर तिच्या पायात पायात. मला तो वरच्या मजल्यावरचा भाडेकरू समजायचा. जिन्यात भेटलो तर शेपटी एकदा हलवायची, तीही ओळख ठेवायची म्हणून.

बायको गेली, त्याला आता वर्ष होत आलं, आणि भोपळ्या माझ्या वाट्याला आला. तोपर्यंत तोही म्हातारा झाला होता. मागचे पाय धरेनात. जिना उतरता येईना, म्हणून मी त्याला दोन्ही हातांनी उचलून खाली न्यायचो आणि परत वर आणायचो. माझे स्वतःचे गुडघे आधीच कुरकुरतात. बरेचदा मधल्या पायरीवरच त्याची लघवी व्हायची, माझ्या सदऱ्यावर. मग वर जा, सदरा बदला, पायरी पुसा, आणि खाली गिऱ्हाईक हाका मारतंय. वैताग वैताग व्हायचा. शिव्या द्यायला तोंड उघडावं तर तो अशा नजरेने बघायचा, की शिवी घशातच राहायची. मग त्या शिवीचा राग वेगळा.

गल्लीच्या टोकाला जनावरांचा दवाखाना आहे. तिथली डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची. रक्त तपासून तिने मला खुर्चीवर बसवलं.

"काका, किडन्या आता नावापुरत्याच राहिल्यात."

"म्हणजे किती दिवस?"

"तसं नाही सांगता येत."

"बरं, मग ते इंजेक्शन कधी द्यायचं?"

"ते तुम्ही ठरवायचं. त्याला रोज तुम्ही बघता."

"शिकलात तुम्ही आणि ठरवायचं मी? माझ्याकडे कोणी काटा आणला आणि मी म्हटलं, बरोबर आहे की चूक ते तुम्हीच ठरवा, तर तो माणूस काटा माझ्याच डोक्यात घालेल."

ती हसली नाही, चिडलीही नाही. भोपळ्याच्या कानामागे खाजवत राहिली. मग म्हणाली, "एक खूण सांगते. जनावराला ढोंग येत नाही. ज्या दिवसापासून तो भांड्याला तोंड लावणार नाही, त्यानंतर दोन-तीन दिवस बघा. तरी खाल्लं नाही तर मला फोन करा. मग मात्र थांबू नका."

ही खूण मला पटली. रिकामं भांडं म्हणजे अजून नाही. भरलेलं भांडं म्हणजे झालं. यात मतं, भावना, देवावर हवाला असलं काही नव्हतं. कोणी विचारलं की मी तेच सांगायचो. मुलीला फोनवर सांगितलं. समोरच्या सलूनवाल्याला सांगितलं. धाकटीलाही सांगितलं.

धाकटी म्हणजे माझ्या बायकोची लहान बहीण. पोस्टात खिडकीवर बसते. लग्न केलं नाही. बायको आजारी पडल्यापासून आमच्या घराची एक किल्ली तिच्याकडे असते. सकाळी मी खाली दुकान उघडलं, की कामावर जाता जाता ती वर चक्कर टाकते, झाडांना पाणी घालते, माझं जेवण झाकून ठेवते, भोपळ्याशी दोन शब्द बोलते आणि जाते. मी नको म्हणून पाहिलं. "भाऊजी, मी तुमच्यासाठी येत नाही, त्याच्यासाठी येते. तुम्ही उगाच फुगू नका," असं म्हणाली.

संध्याकाळी खाल्लं की भोपळ्याला उलट्या व्हायच्या, म्हणून डॉक्टरीणबाईंनी सकाळी एकदाच द्यायला सांगितलं होतं. मऊ भात, त्यात कोंबडीचे शिजवलेले तुकडे, मीठ नाही. गोळी मी लोण्यात गुंडाळून हाताने द्यायचो, तेवढी तो गिळायचा. भांडं पुढे ठेवलं की मात्र मान फिरवायचा. मी बसून राहायचो. "खा की रे बाबा," म्हणायचो. तो भिंतीकडे बघायचा. शेवटी मी कंटाळून खाली जायचो. दुपारी वर आलो की भांडं लख्ख.

"तुम्ही गेलात की खातो," धाकटी म्हणाली. "तुमच्यासमोर लाजतो."

"लाजतो? मी काय पाहुणा आहे?"

"त्याला ताईच्या हातची सवय. तुम्ही असे पुढ्यात मांडी घालून बसता पोलिसासारखे. कोणाच्या घशाखाली घास जाईल?"

खोटं कशाला बोलू, मला ते लागलं. उचलतो मी, पुसतो मी, गोळी देतो मी, आणि साहेब जेवणार माझ्या माघारी. तरी मनात म्हटलं, जेवतोय ना, मग झालं.

पण बाकी काहीच ठीक नव्हतं. कूस बदलताना तो कण्हायचा. उभं राहायला गेला की मागचा भाग एका बाजूला कोसळायचा आणि तो वळून आपल्याच पायांकडे बघायचा, हे कोणाचे पाय आले म्हणून. तोंडाला वास. खोलीला वास. अंथरूण धुऊन वाळत घालावं तर ते वाळेपर्यंत दुसरं ओलं. रोज दुपारी मी भांडं बघायचो आणि रोज ते सांगायचं, अजून नाही. मला वाटायचं, हा प्राणी भांड्यापुरताच जिवंत आहे की काय.

मुलगी दूर असते. रविवारी फोन करते, आणि फोनवरून तिला सगळं स्पष्ट दिसतं.

"बाबा, तुम्ही त्याला उगाच धरून ठेवलंय."

"अगं, मी कुठे धरलंय? खातोय तो."

"खातोय म्हणजे काय? आई पण खात होती."

यावर मी फोन ठेवला. तिने परत लावला, मी उचलला नाही.

कारण त्या गोष्टीवरून माझं डोकं आधीच तापलेलं होतं. बायको शेवटच्या आजारात बरेच दिवस वॉर्डमध्ये होती. मी दुकान बंद करून संध्याकाळी जायचो, तेव्हा खाटेशेजारच्या टेबलावर तिचं जेवणाचं ताट पुसून घेतल्यासारखं रिकामं असायचं. मला बघून ती ताटाकडे हात करायची, परीक्षेत पास झालेल्या मुलीसारखी. धाकटी शेजारी बसलेली असायची. मी खूश व्हायचो. धाकटी म्हणायची, "बघा, सगळं संपवलं. आता तुम्ही घरी जा आणि नीट झोपा." मी जायचो. वॉर्डमधल्या काट्यावर तिचं वजन कमी येत होतं, तेव्हा मी पेचकस काढून तो काटा उलटा केला होता आणि नर्सने मला सगळ्या वॉर्डासमोर झापलं होतं. बायको पोट धरून हसली होती. आणि मग एका सकाळी फोन आला. ताटभर जेवणारी बाई अशी जाते? मी डॉक्टरांना विचारलं, त्यांच्या वरच्या डॉक्टरांना विचारलं, दारावरच्या रखवालदारालाही विचारलं. सगळे म्हणाले, आजार होता. आजार होता हे मला माहीत नव्हतं का?

तर, खातोय म्हणजे काय, असं मला कोणी विचारायचं नाही.

मग जनावरांच्या दवाखान्यातल्या काट्याची पाळी आली. डॉक्टरीणबाईंनी भोपळ्याला काट्यावर ठेवलं आणि आकडा बघून ओठ दाबले. मागच्या वेळेपेक्षा बराच कमी.

"खातोय ना नक्की?"

"भांडं चाटून पुसून. तुमचा काटा चुकतोय."

"काका, काटा नवा आहे."

"नवेच जास्त चुकतात. मिनिटभर द्या, खालचं झाकण काढून बघतो."

"काका, तो पेचकस खिशात ठेवा. बाहेर चार पेशंट बसलेत."

बाहेर मांजर घेऊन बसलेली एक बाई आमच्याकडे टक लावून बघत होती. मी पेचकस खिशात ठेवला, पण डोकं काही ठिकाणावर आलं नाही. घरी येऊन दुकानातला सगळ्यात चांगला काटा मी वर नेला. स्वतः दुरुस्त केलेला, स्वतः शून्यावर आणलेला. भोपळ्याला उचलून त्यावर ठेवलं. आकडा दवाखान्यातलाच. दोन दिवसांनी आणखी कमी.

म्हणजे माझाही काटा चुकतोय, असं मी ठरवलं. काटा परत खाली आणला आणि बाकावर उघडून ठेवला. तारा तपासल्या. खालचा पाटा बदलला. ओल गेली असेल म्हणून पंख्याखाली वाळवला. गिऱ्हाइकांची कामं तशीच पडली.

समोरचा सलूनवाला गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावून माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"काटेवाले, परवापासून एकाच काट्याचं पोट फाडून बसलात. वाचेल ना?"

"तू तुझा वस्तरा बघ."

"कुत्रं वाळलंय हे मला इथून दिसतं हो. मला कुठे काटा लागतो?"

"दिसण्यावर धंदा चालत असता तर मी कशाला बसलो असतो इथे?"

"बरं बाबा," तो म्हणाला. "पण त्याला खाली आणता ना, तेव्हा त्याचं तोंड बघत जा जरा. नुसती शेपटीकडची बाजू पुसत बसता." आणि गेला. त्याचं गिऱ्हाईक तिकडून ओरडत होतं, फेस सुकला म्हणून.

माझ्याकडे प्रमाण वजनांची एक पेटी आहे. पितळेची वजनं, मखमलीच्या खाचांत बसवलेली. सगळे काटे त्यांच्यावर तपासतो. काटा जोडून झाल्यावर मी तो परत वर नेला आणि एकेक वजन ठेवून पाहिलं. लहान ठेवलं, बरोबर. मोठं ठेवलं, बरोबर. सगळी एकत्र ठेवली, बरोबर. मी तिथेच जमिनीवर बसलो. भोपळ्या अंथरुणावरून बघत होता. म्हटलं, तुझं काय चाललंय नक्की? खातोस ते जातं कुठे?

दुसऱ्या दिवशी सकाळी भात-कोंबडी पुढे ठेवली, त्याने मान फिरवली, मी खाली गेलो. पहिलंच गिऱ्हाईक एक किराणावाला, काटा तपासून शिक्का हवा होता. पेटी घ्यायला हात मागे नेला तर पेटी नाही. कालपासून वरच राहिलेली. "आलोच," म्हटलं आणि जिना चढलो.

दार नुसतं लोटलेलं होतं. धाकटी भोपळ्याच्या भांड्यासमोर गुडघ्यांवर बसली होती. एका हातात तिचा पोस्टात न्यायचा डबा, दुसऱ्या हातात चमचा. भांड्यातला भात ती चमच्याने डब्यात भरत होती. कडा निपटून, एक शीत न ठेवता. भोपळ्या हनुवटी जमिनीवर टेकून तिच्याकडे बघत होता. त्याला त्यात काही नवीन वाटत नव्हतं.

मी दारातच उभा राहिलो. तिनेच मान वर केली.

"भाऊजी."

"काय चाललंय हे?"

"पडलं होतं. उचलत होते."

"धाकटे, मी आंधळा नाही."

तिने डब्याचं झाकण लावलं. लावलं म्हणजे दाबत राहिली, ते बसेचना. "बाहेर कावळ्यांना घालते," म्हणाली. "फुकट नाही जात."

"किती दिवस?"

ती झाकण दाबतच राहिली.

"अगं, मी काय विचारतोय? किती दिवस चाललंय हे? मी तिकडे खाली काट्याच्या तारा बदलतोय! पाटा बदलला मी! दवाखान्यात त्या पोरीसमोर पेचकस काढला! आणि इथे तू... याने शेवटचं खाल्लं कधी?"

"माझ्या हातून थोडं थोडं घ्यायचा आधी. नंतर दूध चाटायचा. आता..." तिने मान हलवली.

"आता काय?"

"आता पाणी."

खालून किराणावाला हाका मारत होता, "अहो काटेवाले, झोपलात काय?" मी खिडकीतून ओरडलो, "आज बंद आहे!" तो म्हणाला, "उघडं आहे की!" मी खिडकी आपटून लावली.

"तुला मी खूण सांगितली होती," मी म्हटलं. "तुला! अगदी समोर बसवून सांगितली, की भांडं भरलेलं राहिलं की समजायचं. आणि तू बरोबर तेच भांडं..."

"सांगितलीत म्हणूनच ना!" आता तिचाही आवाज चढला. "भांडं भरलेलं दिसलं की तुम्ही फोन करणार. तुमचं एकदा ठरलं की ठरलं. तुम्ही काय, काट्यावर आकडा आला की पावती फाडून मोकळे!"

"मी मोकळा? याला रोज उचलतंय कोण? पुसतंय कोण? तू येतेस, गोड बोलतेस आणि जातेस पोस्टात. तो कण्हतो तेव्हा तू असतेस का इथे?"

"नसते. मला नाही ऐकवत."

"मला ऐकवतं?"

ती रडायला लागली. मला त्याचाही राग आला. रडल्यावर माणसाला पुढचं बोलता येत नाही, आणि मला अजून पुष्कळ बोलायचं होतं.

"भोपळ्या गेला की मी या घरात कशाला येऊ?" ती म्हणाली. "काय सांगून येऊ? ताईचं म्हणून एवढंच उरलंय. झाडं तर तुम्हीही मरू द्याल."

"म्हणून उपाशी कुत्र्याला जेवलेलं दाखवायचं? असली अक्कल तुला सुचली कुठून?"

तिने डोळे पुसले, डब्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ताईने शिकवली."

मला कळलं नाही. म्हणजे पटकन कळलं नाही.

"वॉर्डमध्ये," ती म्हणाली. "तिला घास जायचा नाही. वासानेच ओकारी यायची. तुम्ही यायच्या आधी मला म्हणायची, ये गं, बस, संपव ते. ताट भरलेलं दिसलं तर हे रात्रभर खुर्चीत बसतील आणि उद्या कोणाच्या तरी काट्यात बोट अडकवून घेतील. रिकामं दिसलं की घरी जाऊन झोपतात. मी खायचे. रोज. मीठ नसलेलं सगळं. रडत रडत खायचे, आणि ती म्हणायची, चावून खा, ठसका लागेल."

मी खाली बसलो. खुर्ची होती, पण जमिनीवरच बसलो.

काय करायचं असतं अशा वेळी? वर्षभर मी वॉर्डमधल्या डॉक्टरांवर चिडलो होतो. रखवालदारावर चिडलो होतो. मुलीचा फोन आपटला होता. आता समोर धाकटी होती, तिच्यावर चिडून झालं होतं. राहिली होती ती बायको, आणि तिच्याशी भांडायचं तर ती जागेवर नव्हती. मला विचारायला हवं होतं तिला, की हा काय शहाणपणा? मी झोपलो म्हणून तुझं काय भलं झालं? मला खुर्चीत बसू द्यायचं होतंस. बसलो असतो. सांगायचं होतंस, की जात नाही घास. मी काय केलं असतं? काही नाही केलं असतं. पण बसलो असतो.

हे मी मनात म्हटलं की मोठ्याने, ते आठवत नाही. धाकटी म्हणाली, "मलाही तेच वाटायचं. पण ताईपुढे कोणाचं चाललंय?"

भोपळ्याने मान उचलली, आमच्याकडे बघितलं आणि परत टेकली. सलूनवाला म्हणाला होता तसं मी त्याचं तोंड बघितलं. गालफडं आत गेली होती. डोळ्यांच्या कोपऱ्यात चिकट पाणी. तो कशाची वाट बघत नव्हता. त्याचं केव्हाच ठरलेलं होतं. आम्ही दोघंच भांड्यापाशी खेळत बसलो होतो, एक भरतोय आणि एक रिकामं करतेय.

"डब्यातलं परत भांड्यात घाल," मी म्हटलं.

"कशाला?"

"घाल म्हणतो ना. आणि पोस्टात कळव, आज येत नाही म्हणून."

तिने भात परत भांड्यात घातला. मी ते उचलून अगदी त्याच्या नाकाशी ठेवलं. मी एका बाजूला बसलो, ती दुसऱ्या बाजूला. दुपार होईपर्यंत बसलो. तिने एकदा कोंबडीचा तुकडा बोटांत धरून त्याच्या ओठाला लावला. त्याने तिचं बोट चाटलं आणि तुकडा तसाच ठेवला. ती म्हणाली, "चाटलं बघा." मी म्हटलं, "तुला चाटलं. तुकड्याला नाही." तिने तुकडा परत ठेवला आणि हात पदराला पुसला. भातावर साय धरल्यासारखी झाली. माशी आली, ती मी हाकलली. भांडं भरलेलंच राहिलं.

"उद्या बघू का?" ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई दोन-तीन दिवस म्हणाल्या होत्या ना?"

"ते दोन-तीन दिवस तू डब्यात भरून नेलेस."

हे बोलायला नको होतं. पण बोललो. तिने मान खाली घातली आणि मग स्वतःच म्हणाली, "लावा फोन."

डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आल्या. एवढी मेहेरबानी माझ्यासाठी नव्हती, जिना उतरायला भोपळ्याला त्रास होईल म्हणून. बॅग उघडून त्यांनी हातमोजे घातले आणि मला विचारलं, "काका, वजन किती आहे आता? औषध त्यावर ठरतं." मग जरा अडखळल्या. "अंदाजे चालेल हो."

"अंदाजे कशाला?" मी म्हटलं.

काटा खोलीतच होता. भोपळ्याला एकट्याला त्यावर झोपवणं आता शक्य नव्हतं, त्याचे पाय बाहेर लोंबायचे. मी त्याला उचललं आणि दोघं मिळून काट्यावर उभे राहिलो. धाकटीने वाकून आकडा वाचला. मग मी भोपळ्याला तिच्या मांडीवर दिला आणि एकटा उभा राहिलो. तिने परत वाचला. वजाबाकी मी केली. जे उरलं ते मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "काटा बरोबर आहे. तुमचाही बरोबर होता."

तो धाकटीच्या मांडीवरच गेला. पहिली सुई टोचली तेव्हा दचकला नाही, नुसता श्वास सोडला. डॉक्टरीणबाई आधीच म्हणाल्या होत्या, की सुईचा क्षण वाईट असतो. तसं काही झालं नाही. वाईट आधी होतं, रोज थोडं थोडं, जिन्यात आणि ओल्या अंथरुणावर. हा भाग सोपा होता. त्याचाच मला राग येत होता. एवढं सोपं होतं तर आम्ही कशासाठी ताणलं?

त्यांच्याबरोबर आलेल्या माणसाने त्याला चादरीत गुंडाळून खाली नेलं. मी मागे मागे जिना उतरलो. सवयीने हात पुढे गेले, उचलायला. सलूनवाला त्याच्या दारात उभा होता. त्याने काही टोमणा मारला नाही. गिऱ्हाइकाच्या मानेवरचं कापड झटकलं आणि आत गेला.

मी वर आलो तर धाकटीने खोली पुसून काढली होती, अंथरूण उचललं होतं आणि भांडं घासायला घेतलं होतं. खिडकी उघडी. ती पाठमोरी म्हणाली, "भाऊजी, पोस्टात अर्धा दिवस सांगितलाय. मी निघते."

"जेवून जा."

"भूक नाही."

"मलाही नाही. वाढ तरी."

तिने दोन ताटं घेतली. काल तिनेच झाकून ठेवलेलं होतं ते गरम केलं. आम्ही समोरासमोर बसलो. मी एक घास घेतला, तो तोंडात फिरत राहिला. कसाबसा गिळला. दुसरा घ्यायला हात उचलला आणि खाली ठेवला. नाही जात म्हणजे नाहीच जात. मी नुसता ताटाकडे बघत बसलो.

धाकटी तिच्या ताटात बोटं फिरवत होती. थोड्या वेळाने तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या ताटाकडे. तिचा हात पुढे आला. विचार करून नाही, सवयीने. ताटाची कड धरून ती ते आपल्याकडे ओढायला लागली.

"राहू दे," मी म्हटलं.

तिने हात मागे घेतला.

"भरलेलं राहू दे. बघू दे मला. आणि तुझं तुला जात नसेल तर तेही ठेव तसंच. या घरात आता कोणी कोणाचं ताट संपवायचं नाही."

दोन्ही ताटं मध्ये ठेवून आम्ही बसून राहिलो. खालून कोणीतरी काटेवाले, काटेवाले म्हणून हाका मारत होतं. बऱ्याच वेळाने ती उठली, पर्स घेतली, चपला घातल्या आणि दारात थांबली. हातात आमच्या घराची किल्ली होती. ती एकदा किल्लीकडे बघत होती, एकदा टेबलाकडे.

"ती कुठे ठेवतेस?" मी म्हटलं. "उद्या झाडांना पाणी कोण घालणार?"

"तुम्ही नाही का घालू शकत?"

"मी मारीन ती. तूच म्हणालीस."

तिने किल्ली पर्समध्ये टाकली आणि गेली. मी पेटी घेऊन खाली उतरलो. कालचा किराणावाला दारात उभा होता, हाताची घडी घालून.

"काटा चुकतोय हो माझा," तो म्हणाला.

"आधी बघू तरी," मी म्हटलं.